तीन नंबरचा दिवा

“कारभारी, आता डावा पाय उचला.”

“उचलला.”

“खरं सांगा. मला इथून दिसतंय बरं का.”

स्पीकरमधून धप्प असा आवाज आला. म्हणजे आधी उचललाच नव्हता, आणि आता घाईनं उचलताना कुठंतरी धडकला. शेजारी बसलेल्या किशोरनं तोंडात रुमाल कोंबला.

“आता हात जोडा. तीन नंबरकडं बघा आणि म्हणा, बाबा, ऊठ.”

“बाबा, ऊठ.”

मी माउसचं बटण दाबलं. नाशिकपासून पंचवीस किलोमीटरवर दिंडोरीत, खताच्या दुकानावरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात तीन नंबरचा लाल दिवा लागला.

“लागला! भारतभाऊ, लागला वो!”

“लागणारच. तुमच्या हाताला गुण आहे, कारभारी.”

फोन ठेवला आणि आम्ही टेबलावर डोकी टेकून हसलो. किशोरच्या डोळ्यातून पाणी आलं. महिन्यापूर्वीच नोकरीला लागलेली दिशा मात्र हसली नाही. ती म्हणाली, “सर, त्यांना धाप लागली होती.”

“जिने चढून आलेत ना,” मी म्हटलं. “व्यायाम होतो.”

गोष्ट दोन हजार पाचची, ऐन द्राक्षाच्या सीझनमधली. आमची कंपनी बिनतारी इंटरनेट द्यायची. ऑफिस नाशकात कॅनडा कॉर्नरला, आणि दिंडोरी, नांदगाव धरून सात गावांत गच्चीवर टॉवर. टॉवरखाली एक खोली, खोलीत लोखंडी कपाट, कपाटात एकावर एक रचलेले डबे. त्यातला मुख्य डबा रेडिओचा. सगळ्या गावाचं नेट त्यातून यायचं. हे डबे मधूनच रुसायचे. औषध एकच: वीज बंद करा, थोडं थांबा, चालू करा. एवढ्यासाठी गावोगावी एकेक माणूस ठेवलेला. आम्ही नाशकातून फोन करायचा, त्यानं जिना चढायचा, कपाटाचं कुलूप काढायचं आणि सांगू ती पिन काढून परत लावायची.

दिंडोरीचा माणूस कारभारी. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं वाळकी काडी. वीस वर्षं द्राक्षबागांत फवारणी केली. तोंडाला फडकं बांधून औषधाच्या धुरात हिंडायचं, हे काम. शेवटी छातीनं दगा दिला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, परत फवारा हातात घेतलास तर माझ्याकडं येऊ नकोस, सरळ घाटावर जा. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं तो आमच्याकडं लागला. पगार बेताचा, पण सावलीतलं काम. खाली दुकानाच्या पायरीवर बसायचं, वर फोन वाजला की बेचाळीस पायऱ्या चढायच्या.

आणि काम कसं करायचा म्हणून सांगू! इंग्रजी आकडा सोडून त्याला काही वाचता यायचं नाही. आम्ही फोनवर ‘राउटर’ म्हटलं की त्याला कळायचं नाही, म्हणून त्यानं प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची बांगडी बांधली होती, बायकोच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे. चप्पल खोलीबाहेर. धूळ पुसायला स्वतःच्या घरचं धोतराचं फडकं. सात गावांत सगळ्यात कमी तक्रारी दिंडोरीच्या.

त्या वर्षी जानेवारीत कंपनीनं नवीन पट्ट्या आणल्या. आठ सॉकेटची पट्टी, कपाटात बसवायची, सगळ्या पिना तिच्यात लावायच्या. नाशकात बसून कॉम्प्युटरवर बटण दाबलं की कुठलाही सॉकेट बंद-चालू. पट्टीला हातानं दाबायचं बटणच नाही, म्हणजे कुणी आगाऊपणा करायला नको. पासवर्ड तिघांना: आमचे साहेब ललित सर, किशोर आणि मी. सरांनी बजावलं, “भारत, ही पट्टी इथून चालते हे साइटवरच्या कोणालाही कळता कामा नये. सिक्युरिटीचा प्रश्न आहे.”

आणि दुसरं सांगितलं ते असं: मार्चपासून सात माणसांची गरज नाही. दोघं ठेवायचे, ते फिरतीवर बॅटऱ्या बघतील. “तुझ्या मते कोण?” सरांनी विचारलं. मी ताडकन म्हणालो, “कारभारी पहिला.” सरांनी वहीत नाव लिहिलं. पट्टी बसवायला दिंडोरीला गेलो तेव्हा मीच कारभारीच्या कानात ही बातमी सांगितली. तो खाली जाऊन माझ्यासाठी दोन किलो द्राक्षं घेऊन आला.

इतकं असूनही मी हे केलं. आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, आणि खोडी काढल्याशिवाय मला अन्न पचायचं नाही. नव्या इंजिनिअरला मी ‘सिग्नलचा सिलिंडर’ भरून आणायला पाठवलं होतं. तो बिचारा दोन गॅस एजन्स्या हिंडून आला. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की लोक आधी खुर्ची तपासायचे, मग बसायचे. अशा माणसाच्या हातात लांबून दिवे लावायचं बटण दिलं, आणि वर सांगितलं की गुपित ठेव. माकडाला दारू पाजून हातात काकडा दिल्यासारखं झालं.

तीन नंबरचा सॉकेट रिकामा होता. काहीही जोडलेलं नव्हतं, फक्त पट्टीवरचा दिवा. म्हणून मी तो निवडला. कोणाचं नुकसान नाही, नुसती मजा. दुपारी जेवणानंतर सुस्ती आली की मी तीन बंद करायचो आणि फोन लावायचो. तो बेचाळीस पायऱ्या चढून फोन उचलायचा. “कारभारी, तीन नंबर बेशुद्ध पडलाय. उठवा त्याला.” मग खाकरा, मग पाय उचला, मग हात जोडा. एकदा मी त्याला तीन नंबरची माफी मागायला लावली.

“कशाची वो माफी, भारतभाऊ?”

“तुम्ही काल त्याच्याकडं पाठ करून बसला होतात.”

“आरं तिच्या! व्हय, बसलो व्हतो.” आणि त्यानं मागितली.

महिनाभर हे चाललं. किशोर म्हणायचा, भारतभाऊ, तिकीट लावा.

तो मंगळवार होता. दुपारचे पावणेचार होत आले होते. दिंडोरीतला एक द्राक्षाचा मोठा व्यापारी आमच्या नेटवरून कंटेनरची कागदपत्रं पाठवत होता, चारच्या आत न्हावाशेवा बंदरात पोचायला हवी होती. हे मला माहीत होतं. सकाळीच त्याच्या माणसाचा फोन येऊन गेला होता. पण तीन नंबर रिकामा होता ना. मी किशोरला डोळा मारला आणि तीन बंद केला.

पडद्यावर दिंडोरी लाल झाली. एक डबा नव्हे, अख्खं गाव.

मी तीन चालू केला. काहीच नाही. परत दाबला. कॉम्प्युटरला पट्टीच सापडत नव्हती. ऑफिसातले दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. द्राक्षवाल्याचा माणूस किशोरला आईवरून विचारत होता.

मी दिंडोरीचा फोन लावला. बऱ्याच वेळानं कारभारीनं उचलला. आधी नुसता श्वास.

“कारभारी, पट्टी बघा. कुठले दिवे बंद?”

“तीन सोडून... समदे चालू.”

मला काही उमगेना. तीनात तर काही नाही. मग रेडिओ आपोआप गेला का? मी विचार करत बसलो, तेवढ्यात पलीकडून धप्प आवाज आला.

“पाय उचलला, भारतभाऊ. लागत नाय.”

“थांबा, कारभारी...”

“बाबा, ऊठ. बाबा, ऊठ. चुकलंमाकलं माफ कर. बाबा, ऊठ.”

स्पीकर चालूच होता. मागे वळून बघतो तर ललित सर दारात. फोन का वाजताहेत ते बघायला आले होते. “बाबा, ऊठ,” स्पीकर म्हणत होता, आणि प्रत्येक ‘ऊठ’नंतर छातीतली घरघर नाशकात ऐकू येत होती.

“हे काय चाललंय?” सरांनी विचारलं.

सर फोनजवळ आले. “कारभारी, मी ललित बोलतोय. रेडिओची पिन कुठल्या नंबरला आहे?”

“तीनला, साहेब.”

“ती एकला होती!”

“व्हय साहेब. म्या हलवली. परवा पहाटं पाचला, तवा कोनी नेट वापरत नाय म्हनून. ते काय हाय साहेब, एक नंबर माझं ऐकत नाय. तीन नंबर ऐकतो. हात जोडले का लागतो. म्हनलं, मोठं काम ऐकनाऱ्याकडं असावं.”

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तीन बंद केला म्हणजे रेडिओच बंद केला होता. आणि नाशिकहून त्या पट्टीपर्यंत जायचा रस्ता त्याच रेडिओतून होता. किल्ली आत ठेवून दाराचं लॅच ओढून घ्यावं, तसं मी नाशकात बसून केलं होतं.

सरांनी शांतपणे सांगितलं, पिन परत एकमध्ये लावा. लावली. दोन मिनिटांत दिंडोरी हिरवी झाली. सगळं मिळून वीस मिनिटं गेली होती, आणि द्राक्षवाल्याचे चार वाजून गेले होते.

सर माझ्याकडं वळले. “तीन बंद कसा झाला?”

किशोर टेबलाच्या कडेचा सनमायका नखानं उकरत होता. दिशा सरळ माझ्याकडं बघत होती. आयुष्यात मला कुठल्याही प्रश्नाला उत्तर सुचलं नाही असं झालेलं नाही. तेव्हाही सुचलं.

“सर,” मी म्हटलं, “पट्टीला हात लावायचा नाही असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.”

हे खरं होतं. अगदी शब्दन्‌शब्द खरं. इतकं हलकट खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

“पट्टीची नोंद काढ,” सर म्हणाले. “कोणी, केव्हा, काय केलं ते संध्याकाळपर्यंत टेबलावर पाहिजे.”

ती पट्टी सगळं लिहून ठेवायची. ते मी पहिल्या दिवसापासून जाणून होतो, पण बघतंय कोण, म्हणून सोडून दिलं होतं. मी नोंद उघडली. एकाखाली एक माझंच नाव. तीन बंद, भारत. तीन चालू, भारत. महिनाभराचं. दुपारी दोन, दुपारी अडीच, कधी एका दिवसात तीन वेळा. त्या माणसाला मी किती पायऱ्या चढवल्या याचा हिशोब करायला बसलो असतो तर जमला असता. मी बसलो नाही. मी ती पुसली. दोन बटणं लागतात.

किशोरनं बघितलं. “भाऊ,” तो हळूच म्हणाला, “सांगून टाका ना. सर शिव्या देतील, अजून काय?”

“आणि तू? तू हसत होतास ते?”

तो खुर्ची वळवून कामाला लागला. खोड्या काढणाऱ्याला माणसं गप्प कशी करायची ते बरोबर माहीत असतं.

सरांना सांगितलं, गडबडीत नोंद गेली, पिन हलवल्यामुळं पट्टीच गोंधळली असेल. सरांनी विश्वास ठेवला. मी हसवणारा माणूस होतो, आणि हसवणारा खोटं बोलेल असं कुणाला वाटत नाही.

शनिवारी सरांनी बोलावून पाकीट दिलं. “हे कारभारीला दे आणि कपाटाची किल्ली घेऊन ये. वाईट वाटतं, पण यंत्राला नवस बोलणारा माणूस मी ठेवू शकत नाही.”

मी मोटरसायकलवर निघालो. रस्ताभर दोन्ही बाजूंना बागा, खुडणी जोरात, कॅरेटचे ढीग, बायकांचे हसण्याचे आवाज. दिंडोरीत पोचलो तेव्हा कारभारी पायरीवर बसला होता, शेजारी त्याची बायको झुंबरबाई भाकरी सोडत होती. खुडणीच्या जेवणाच्या सुट्टीत ती त्याला डबा घेऊन यायची.

“या, भारतभाऊ. बसा. भाकर खा.”

“जेवून आलोय.” आलो नव्हतो.

वरच्या खोलीत गेलो. मी पुढं, तो मागं, मध्ये दोनदा थांबून. झुंबरबाईपण आली. मी पाकीट दिलं. त्यानं उघडलं, कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

“वाचा.”

कागदावर लिहिलं होतं की कामात गंभीर हलगर्जीपणा केल्यामुळं आपल्याला आजपासून कमी करण्यात येत आहे. मी घसा साफ केला आणि वाचलं:

“श्री. कारभारी यांनी कंपनीत अतिशय प्रामाणिकपणे काम केलं. त्यांच्यासारखा चोख माणूस कंपनीला मिळणं अवघड आहे. पण नवीन यंत्रं आल्यामुळं नाइलाजानं त्यांना कमी करावं लागत आहे. कंपनी त्यांची ऋणी आहे.”

वाचताना मला माझं कौतुकच वाटलं. काय सफाई! झुंबरबाईनं पदर डोळ्याला लावला.

कारभारी मान डोलवत होता. म्हणाला, “लय चांगलं लिव्हलंय. पुन्यांदा वाचा.”

“आं?”

“एकदा ऐकून ध्यानात ऱ्हात नाय. घरी पोराला सांगाया पायजे. वाचा.”

मी कागदाकडं बघितलं. तिथं माझी वाक्यं नव्हती. “श्री. कारभारी यांनी... कंपनीत मनापासून... अतिशय चांगलं काम केलं. त्यांच्यासारखा इमानदार...”

“मगाशी चोख म्हनले.”

“हां, चोख. चोख माणूस... आणि यंत्रं...”

“मगाशी कंपनी कसली तरी म्हनले. काय म्हनले?”

मला आठवेना. दोन मिनिटांपूर्वी मीच बनवलेलं वाक्य मला आठवेना. खोलीत डब्यांतल्या पंख्यांचा आवाज चालला होता. कारभारीनं माझ्या हातातून कागद घेतला, एकदा नीट बघितला, जणू आता त्याला वाचता येत होतं, आणि परत माझ्यासमोर धरला.

“आता खरं वाचा.”

मी वाचलं. हलगर्जीपणा हा शब्द आला तेव्हा झुंबरबाईनं विचारलं, “म्हंजे काय?” आणि त्यानं तिला सांगितलं, “ध्यान नाय दिलं, असं.”

मग मी बोललो. कसं ते माहीत नाही. दिवा मी बंद करत होतो, मीच लावत होतो, कॉम्प्युटरवर, नाशकातून. तुमच्या हात जोडण्याचा काही संबंध नव्हता. आम्ही बसून हसत होतो. नोंदीत माझं नाव होतं, ती मी पुसली. सगळं बोललो. मला वाटलं तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो कपाटाकडं बघत राहिला.

“नाशकातून?”

“हो.”

“हितं कोनी न येता?”

“हो.”

“लय भारी हाय की,” तो म्हणाला. खरंच म्हणाला, कारागिरानं दुसऱ्याच्या हत्याराकडं बघून म्हणावं तसं. मग विचारलं, “मंग मला वर कशाला बोलवत व्हते?”

याचं उत्तर मजा, असं आहे. एका शब्दाचं.

झुंबरबाई म्हणाली, “अवो, रातच्याला छातीवर हात धरून बसायचे हे. मी म्हनायची, नका जाऊ वर, सांगा साहेबाला. तर म्हनायचे, भारतभाऊनं माझं नाव पयलं लिव्हलंय, त्येंच्या शब्दाला खाली पाडायचं का?”

कारभारीनं तिला हातानंच थांबवलं. कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडवली, शर्टाला पुसली आणि मला दिली.

मी म्हटलं, “सोमवारी सरांना सगळं सांगतो. आईशप्पथ. तुमचं काम परत मिळवून देतो.”

“सांगा,” तो म्हणाला. तेवढंच. सोडा, जाऊ द्या, चालायचंच, असलं काही तो म्हणाला नाही.

सोमवारी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. दार लोटून घेतलं. सर कागदांतून वर बघून म्हणाले, “बोल, भारत.” त्यांचा चेहरा बघून माझी जीभ भलतीकडंच वळली. मी एक विनोद सांगितला. गंगापूर रोडवरच्या एका डेंटिस्टचा होता, चांगला होता. सर पोट धरून हसले. मी बाहेर आलो. मंगळवारी परत जायचं ठरवलं. मंगळवारी सर पुण्याला गेले होते. बुधवारी मी गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. उचलला तर आधी कॉइन बॉक्समध्ये रुपया पडल्याचा खट्ट आवाज. मग मागं कुठंतरी ट्रॅक्टरच्या ब्लोअरची घरघर, फवारणीच्या, अगदी जवळ.

“भारतभाऊ, कारभारी बोलतोय.”

आता विचारणार. सांगितलं का साहेबांना, म्हणून विचारणार.

“दिंडोरीत लाइट गेलीये,” तो मोठ्यानं बोलत होता, ब्लोअरच्या वर आवाज काढून, मध्येच खोकत. “डीपी जळालीये म्हंत्यात. राती आठपरेंत येत नाय. तुमची बॅटरी दोन तास चालंल, मंग समदं बंद पडंल. तितं आता कोनी नाय, म्हनून कळवलं. जनरेटरवाल्याला आत्ताच सांगा.”

“हो, सांगतो. कारभारी, तुम्ही कुठं आहात? तो आवाज कसला?”

“कामावर हाय.”

“कारभारी, ऐका ना, मी सरांकडं...”

मिनिट संपत आल्याची पीं-पीं सुरू झाली. मी थांबलो. त्याला ऐकू येत होतं, मलाही ऐकू येत होतं. वाक्य पुरं करायला अजून एका रुपयाचा वेळ पुरेसा होता.

त्यानं दुसरं नाणं टाकलं नाही.